स्वारीबरोबर कुणकेश्वराक

देवाला कौल लावला होता. पाषाणावरची उजवी पाकळी पडली, कौल मिळाला, आणि देवळात एकदम आरोळी उठली, होय म्हाराजा! चाळीस वर्षांनी आमच्या ग्रामदेवतांची, रवळनाथाची आणि पावणाईची, स्वारी देवगडजवळच्या समुद्रकाठी महादेवाच्या कुणकेश्वरला तीर्थस्नानाला निघणार हे ठरलं. मी बायकांच्या रांगेत मागे उभी होते. हे पुढे, मानकऱ्यांच्या बाजूला. तिथूनच मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं चालवून दाखवली. आपण दोघं, चालत.

मला विचारलंच नाही. घरी येईपर्यंत मी बोलले नाही. पण जायचं होतंच.

1985 च्या महाशिवरात्रीला स्वारी गेली होती तेव्हा मी लालबागच्या खोलीत होते, सातवा महिना लागलेला. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. हे रजा काढून रातराणीने गावाला गेले आणि सासूबाईंबरोबर चालत कुणकेश्वर करून आले. येताना माझ्यासाठी खाजा आणि औषधाच्या बाटलीत भरून समुद्राचं पाणी आणलं. एप्रिलमध्ये मुलगी झाली. पुढे मुलगा, डोंबिवलीचं घर, 1998 ला कोकण रेल्वे सुरू झाली आणि गणपतीला एसटीत उभं राहून जाणं संपलं, मुलीचं लग्न, तिच्या मुलीचं बारसं, यांची निवृत्ती. मग आम्ही गावात येऊन राहिलो. काशी केली, रामेश्वर केलं, चारधामला बसच्या खिडकीतून दऱ्या बघत मुठी आवळून बसले. सगळीकडे कुणीतरी आमची संख्या मोजत होतं. कुणकेश्वर मात्र शेजारच्याच तालुक्यात, आणि मी तिथे कधी चालत गेले नव्हते. गाडीने पाच-सहा वेळा झालं असेल. ते मी धरत नाही.

2025 ची महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला होती. आमचं गाव कणकवलीच्या वर, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथून समुद्र साठेक किलोमीटर. सरळ चाललं तर दोन-अडीच दिवस पुरे, पण देव सरळ कुठे चालतात? वाटेत प्रत्येक वाडीत सारवलेलं अंगण, रांगोळी, पाटावर कलश. बाया ओट्या घेऊन उभ्या. तरंग, म्हणजे लुगडी नेसवलेले देवांचे खांब, थांबायचे, ढोल थांबायचा, गाऱ्हाणं व्हायचं, मग पुन्हा ढोल. म्हणून चार दिवस धरले होते.

तरंग धरणारे अनवाणीच असतात. बाकीच्यांना सक्ती नाही. मी अनवाणी चालायचं ठरवलं, कारण सासूबाई अनवाणी गेल्या होत्या. हे म्हणाले, "तुका साखर आसा, पायाक काय झाला तर?" मी म्हटलं, काय व्हायचं ते होईल. चपला यांच्या पिशवीत ठेवल्या.

पहिल्या दिवसाचं फार आठवत नाही. पहाटेचं धुकं, तरंगांवरच्या लुगड्यांचे रंग, पावणाईच्या तरंगामागून चालताना नाकात येणारा सुरंगीचा आणि धुपाचा वास. कणकवलीत उड्डाणपुलाखालून गेलो तेव्हा ढोलाचा आवाज वरच्या काँक्रीटला लागून दुप्पट झाला, अंगावर काटा आला. नांदगावच्या तिठ्यापर्यंत महामार्गाचं काँक्रीट पायाखाली होतं. ते संध्याकाळीसुद्धा निवत नाही. तिथून देवगडच्या रस्त्याला वळलो. रात्री शाळेच्या पडवीत झोपलो. कोण तरी रात्रभर खोकत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिरगाव मागे टाकलं आणि सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, सुरू झाला. ज्यांनी फेब्रुवारीतला कातळ पायाखाली घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जांभ्याची बारीक खडी डांबराच्या कडेला पसरलेली असते, ती टाचेत घुसते. डांबरावर जावं तर डांबर भाजतं. कडेच्या वाळल्या गवतावर जावं तर कुसळं. डाव्या टाचेला फोड आलाय हे मला सकाळीच कळलं होतं, पण सांगितलं नाही. आता तो रुपयाएवढा झाला होता. मी पाय वाकडा टाकायला लागले, तर पोटरीत गोळा यायला लागला. दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, मोहर चांगला होता यंदा, कणी धरली होती. कुठेतरी फवारणी चालू होती, त्या वासाने डोकं जड झालं. आणि हे पुढे. चाळीस वर्षं मी या माणसाची पाठ बघत चालतेय. बाजारात, स्टेशनवर, काशीच्या गल्लीत. देवाचं नाव घ्यायचं सोडून मी त्या पांढऱ्या टोपीकडे बघत धुसफुसत होते. ढोल लांब गेला. मग ऐकूच येईना.

एका वळणावर काजूचं झाड होतं, खाली सावली. तिथे बसले ती उठताच येईना.

"गे बाय, खंयसून इलंस?"

रस्त्याच्या वर दगडी गडग्याआड कौलारू घर. एक म्हातारी, पंचाहत्तरी गाठलेली, काष्टा घातलेली, हातात सूप. सुपात नारळ, तांदूळ, खण, हळदीकुंकवाचे करंडे. मी गावाचं नाव सांगितलं. तिने सूप गडग्यावर ठेवलं आणि खाली आली.

"पाय दाखव."

मी म्हटलं काही नाही, थोडा फोड आहे. तिने ऐकलं नाही. मला दंडाला धरून वर नेलं, पडवीत बसवलं. न्हाणीतून कोमट पाण्याची बादली आणली आणि खाली बसून माझे पाय धुवायला लागली. मी पाय ओढून घेतले. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी बाई. ती रागावली. "देवाबरोबर चलतंस ना? मग गप ऱ्हव." खडीचे दोन कण तिने नखाने काढले, मला कळलंही नाही. खोबरेल गरम करून त्यात हळद घातली, कापसाने लावली, जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून टाच बांधली. "फोडू नको हां. आपणानच बसतलो." मग पेज दिली, उकड्या तांदळाची, वर खारातल्या आंब्याची फोड. मी दोन वाडगे प्यायले. आयुष्यात इतकं चवीचं काही खाल्लं असेल, तर ते बाळंतपणात आईच्या हातचं.

मुलगे दोघे मुंबईला, एक सून नोकरी करते, नातू मोठा झाला, मे महिन्यात येतात. हे तिने थोडक्यात सांगितलं. मी माझं सांगितलं. घड्याळ बघत नव्हते. पडवीच्या कौलांतून उन्हाचा कवडसा माझ्या पायावरून सरकत भिंतीवर गेला.

निघताना तिने गडग्यावरचं सूप आणलं. स्वारी गेली तेव्हा ती विहिरीवर होती. "मी बावीर गेल्लंय. ढोल आयकलंय नि धावत इलंय, तवसर देव त्या वळणार. आता या पायांनी मी खंय गाठतलंय?" मग हळूच, "माझी ओटी न्हेशीत काय गे?"

ओटी तिने माझ्याच पिशवीत बांधून दिली. नारळ चांगला मोठा होता, असोला, सोडणासकट. मी वाकून नमस्कार केला, तिने तोंडावरून हात फिरवला.

खाली रस्त्यावर हे उभे होते. अर्धा मैल मागे येऊन मला शोधत. चेहरा उतरलेला. काही बोलले नाहीत, पिशवीतून चपला काढून पुढे ठेवल्या. मी घातल्या नाहीत. त्यानंतर कुणकेश्वरपर्यंत ते माझ्या बरोबरीने चालले.

तळेबाजार कधी आलं, कधी गेलं, कळलं नाही. मुक्कामाला एका देवळाच्या मांडवात होतो. भजन रंगलं होतं, मृदंगवाला कोवळा पोरगा पण हात असा की बुवा थांबून त्याच्याकडे बघत होते. मी पाय लांब करून बसले होते. बोलता बोलता सासूबाईंचा विषय निघाला आणि माझ्या तोंडून ते पिवळं पातळ निघालं.

माझं लग्नातलं पिवळं पातळ, हिरव्या काठाचं. आईने दोन वर्षं पैसे साठवून घेतलेलं. गावच्या ट्रंकेत ठेवून मी मुंबईला आले होते. मुलगी झाली त्या वर्षीच्या गणपतीत ट्रंक उघडली तर नाही. सासूबाई म्हणाल्या, कुणकेश्वराक देवीक नेसवला. एवढंच. मी काय बोलणार? देवीचं नाव घेतल्यावर बोलायला जागा नसते. पण मनात राहिलं. पुढे 2009 मध्ये त्या गेल्या, तोवर चोवीस वर्षं मी त्यांचं सगळं केलं, औषधपाणी, अंघोळ, सगळं. पण त्यांच्याजवळ मोकळी कधी झाले नाही. नातीच्या बारशाला त्या पातळाचं दुपटं शिवायचं असं माझ्या फार मनात होतं, तेव्हाही तेच आठवून डोळे भरले होते.

हे बराच वेळ मृदंगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ता आयेन नाय काढल्यान. मी काढलंय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तिना आपला नवा लुगडा घेतल्यान होता. माका वाटला, तुझा काय तरी देवीच्या आंगार असाचा. तू थंय एकटी, पयलटकरीण. मी टरंक उघडून घेतलंय. मागीर तू ईचारलंस तेव्हा आयेन माझा नाव सांगूक नाय."

आणि तुम्ही? तुम्ही का सांगितलं नाहीत? मी मोठ्याने विचारलं असणार, कारण दोन बायांनी वळून बघितलं. ते म्हणाले, तू आधीच कमी बोलत होतीस, भीती वाटली. मग वर्षं गेली.

त्या रात्री मी बायकांच्यात जाऊन झोपले. झोप कसली. सासूबाई शेवटच्या आजारात माझा हात धरून काहीतरी सांगायला बघायच्या आणि मी पांघरूण नीट करायच्या निमित्ताने हात सोडवून घ्यायचे, ते सारखं दिसत होतं. यांचा राग येत होता, तो साधा राग नव्हता. माझी चोवीस वर्षं यांनी दुसऱ्याच्या खात्यावर टाकली होती. आणि ज्या कारणासाठी पातळ काढलं ते कारणही खोटं नव्हतं. सकाळी ढोल वाजला, उठले, चालायला लागले. पुढचा सबंध दिवस मी यांच्याशी बोलले नाही. ते बरोबरीने चालत राहिले.

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी कुणकेश्वर. रांग, वाळूत मांडलेली दुकानं, उपासाची रताळी, माणसांचा समुद्र. दर्शन झालं. दुसऱ्या गावाचे तरंग समोर आले तेव्हा आमचे तरंग झुकले, त्यांचेही झुकले, भेट झाली, आणि दोन्ही गावांच्या माणसांनी न ओळखता एकमेकांना मिठ्या मारल्या.

स्नान अमावास्येचं. आमच्या मांडवाजवळ मासेमारी करणारे एक खारवी आजोबा होते, ते म्हणाले, भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती. पहाटे पाचला ओहोटीचा तळ. म्हणून पहाटे आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाणी लांब हटलं होतं आणि खडकावरच्या पिंडी उघड्या पडल्या होत्या, शेवाळलेल्या, ओल्या. बॅटरीच्या उजेडात मी एकेका पिंडीला हात लावला. हे मागे बॅटरी धरून उभे. मी म्हटलं, इकडे धरा. तीस तासांनंतरचा पहिला शब्द.

उजाडलं, ढोल वाजले, तरंग पाण्यात उतरले. मिठाच्या पाण्याने टाच अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. लाट आली, देवीचं लुगडं चिंब झालं, निथळताना ते पाणी माझ्या डोक्यावर पडलं.

स्नानानंतर ओट्या. मी कणकवलीच्या बाजारातून घेतलेली साडी आणली होती, माझ्या स्वतःच्या पैशाची, माझ्या नावाने द्यायची म्हणून. गुरवाने विचारलं, कोणाच्या नावान? मी सासूबाईंचं नाव सांगितलं. यांनी मान खाली घातली. मग दुसरी ओटी पुढे केली. ही कोणाची? तेव्हा लक्षात आलं, मी त्या मावशीचं नाव विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, शिरगावच्या पुढच्या वळणावर काजूचं झाड आहे, त्याच्या वरचं घर. गुरवाला एवढं पुरलं.

"बा देवा म्हाराजा! शिरगावच्या फुडल्या वळणार, काजीच्या वयल्या घरातल्या तुझ्या लेकरान ही ओटी धाडल्यान हा, ती मान्य करून घे. तिची मुलाबाळा जी खंय परमुलखात आसत, तेंका सुखाची ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

परतीला आम्ही दोघं रिक्षाने निघालो. त्या वळणावर थांबवली. मावशी अंगणात काजूबिया वाळत घालत होती. मी प्रसादाची नारळाची कवड आणि खाजा पुढे केला. तिने तो घेऊन कपाळाला लावला, तुळशीजवळ ठेवला, आणि खाली वाकली.

"फोडलंस मां? पाय हंय कर."