तारा दिसत नाहीत, खांब दिसतात

बेळगावजवळच्या सांबरा, मुतगे, निलजी या पट्ट्यात लाईनमनचं काम करायचं म्हणजे डोक्यावरून विमान जाणं रोजचंच. सांबऱ्याचा विमानतळ 1942 साली इंग्रजांच्या हवाईदलानं बांधलेला. आवाज आला म्हणून कुणी मान वर करत नाही. त्या दिवशी केली, कारण आवाज मध्येच तुटला.

दोन सीटचं शिकाऊ विमान धावपट्टीकडं येत होतं, ते अलीकडंच नांगरटीत उतरलं. पुढचं चाक ढेकळात मोडलं, नाक मातीत गेलं. पंखाचं टोक आमच्या विजेच्या खांबाच्या ताणाला, म्हणजे खांब धरून ठेवणाऱ्या तिरक्या तारेला घासलं, खांब कलला आणि अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची तार हाताला लागेल इतकी खाली आली. मी आधी लाईन बंद करायला सबस्टेशनला फोन लावला. "फीडर पाड, मग विचार." तार जमिनीला जोडून अर्थिंग टाकेपर्यंत एकालाही बांध ओलांडू दिला नाही.

विमानातली दोघं आपल्या पायांनी बाहेर आली. पण माणसं चहूबाजूंनी धावत होती, मोबाईल वर करून, एकाच्या तोंडात बिडी. पंखातून निळं इंधन ठिबकत होतं. अशा लहान विमानात पेट्रोलच असतं, फक्त रंगवलेलं. "मागं सरा! हिंद सरीरी!" मराठीत, कानडीत ओरडून घसा बसला. ज्यांचं शेत, ते मामा स्वतः काठी घेऊन उभे राहिले, म्हणून गर्दी थांबली.

शिकवणारे साहेब अँब्युलन्सची वाट बघत बांधावर बसले होते, कपाळावर रुमाल दाबून. विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं एक पातं सरळ, दुसरं पोटाखाली वाकलेलं. ते दाखवून म्हणाले, "इंजिन बंदच होतं, पंखा फिरत असता तर दोन्ही पाती वाकली असती. 300 फुटांवरून जेमतेम 800 मीटर तरंगता येतं. धावपट्टी गाठायच्या हट्टानं नाक वर धरलं असतं, तर विमान दगडासारखं पडलं असतं."

मी विचारलं, "साहेब, तारा दिसल्या नाहीत?"

"तारा वरून दिसतच नाहीत. आम्ही खांब शोधतो. रांग दिसली तशी लाईनला समांतर आलो. हा खांब झाड वाटला."

खरंच होतं. पावसाळ्यात चढलेली वेल वाळून खांबाला शेंड्यापर्यंत लपेटून होती.

चौकशी होईपर्यंत सांगाडा हलवता येत नाही, त्यामुळं मामांची पेरणी अडली. त्यांना भरपाई मिळायलाच हवी, असं मी तिथं आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगितलं. खांब सरळ करून रात्री गावाला लाईट दिली. पुढच्या आठवड्यात धावपट्टीच्या रेषेतल्या सगळ्या खांबांवरच्या वेली आम्ही कोयत्यानं उतरवल्या.