जोरपोखरी: नागाच्या तळ्यातला सॅलमँडर

दार्जिलिंगजवळच्या घूमहून सुखियापोखरीच्या रस्त्याला लागलं की लेपचाजगतपासूनच धुकं गाडीत शिरतं. जुलैत दार्जिलिंगला येणारे वेडे थोडेच. कांचनजंगा दिसणार नव्हतं, ते ठाऊकच होतं. मला बघायचा होता हिमालयन सॅलमँडर, आणि तो पाण्यात उतरतो पावसाळ्यातच.

जोरपोखरी सुमारे ७,४०० फुटांवर. शेजारी शेजारी दोन तळी, भोवती धुपीची, म्हणजे सूचिपर्णी, उंच झाडं. १९८५ साली याच प्राण्यासाठी इथं अभयारण्य झालं, आकार ०.०४ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम दहा एकर! तळ्याच्या मधोमध फणा काढलेल्या नागाचा पुतळा, काठाला बांधकाम, पाण्यात बदकं. लोक नागासोबत सेल्फी काढतात आणि चहाला जातात. ही सजावट मला काही पटली नाही. हा प्राणी अंडी पाणवनस्पतींना चिकटवतो. त्याला उथळ, गवताळ काठ हवा. कठड्याचा त्याला काय उपयोग?

बराच वेळ उकिडवं बसल्यावर गवताच्या कडेला एक दिसला. वीतभर लांब, काळपट तपकिरी, पाठीच्या दोन्ही बाजूंना गाठींची रांग. रूप सरड्याचं, पण बेडकासारखा उभयचर. श्वास घ्यायला तोंड वर काढलं आणि परत बुडाला. बस्स, एवढंच दर्शन. २०१५ पर्यंत याला चीनच्या युनानमधल्या जातीतलाच समजत. मग पूर्व हिमालयातल्यांना वेगळी जात मानून 'टायलोटोट्रायटन हिमालयानस' हे नाव मिळालं. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (आययूसीएन) लाल यादीत तो 'असुरक्षित' आहे.

खरी गोम पुढेच आहे. पाऊस सरला की तो तळं सोडून जंगलात जातो. ओला पालापाचोळा, कुजके ओंडके, दगडांखालच्या फटी. थंडी तिथंच निघते. त्यामुळे नुसतं तळं राखलं तर अर्धंच काम होतं. तळं आणि जंगल यांच्या मध्ये चहाचा मळा, फवारणी किंवा रस्ता आला की ये-जा अडते.

पुढे लाटपंचारच्या बाजूला नामथिंग पोखरी पाहिली. हे तळं हिवाळ्यात पार आटतं. कोरडं तळं बघितलं की कुणालाही वाटणार, खोल करू, बारमाही करू, मासे सोडू. पण ते आटतं म्हणूनच त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसले की सॅलमँडरची बाहेर कल्ले असलेली पिल्लं वाचतात. पाणी ओसरायच्या आत त्यांना कल्ले टाकून जमिनीवर यायचं असतं. या प्राण्यासाठी मला नामथिंगच जास्त भरवशाचं वाटलं.

दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात त्याच्या प्रजननाचं कामही चालतं, पण गर्दी सगळी रेड पांडापुढे.

जायचं असेल तर ऐन पावसाळ्यातच जा. जळवांसाठी लांब मोजे घ्या, दरडींमुळे रस्ता अडतो म्हणून हाताशी वेळ ठेवा. काठावर पाऊल जपून टाका आणि फोटोसाठी त्याला उचलू नका. वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित आहे.