आमची वाटचाल : 'अपडेट मारू का?'

आमचा मूळ धंदा कॅमेरा दुरुस्तीचा, आताचा ड्रोनचा. फोर्टच्या एका जुन्या दुकानात मी आणि माझा आताचा भागीदार, दोघंही नोकरीला होतो. तो सर्किट बघायचा, मी लेन्स आणि शटर. मोबाईलने छोटे कॅमेरे गिळले तसं टेबल रिकामं पडू लागलं आणि लग्नाच्या फोटोग्राफरांच्या पिशव्यांतून कॅमेऱ्याच्या जागी फँटम नावाचे ड्रोन निघू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नागरी ड्रोनवर सरसकट बंदी घातली होती, पण वरातींनी ती फारशी मनावर घेतली नव्हती. पुढे १ डिसेंबर २०१८ पासून नियम लागू झाले, नोंदणीची भाषा सुरू झाली आणि आम्ही धीर करून परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला.

सुरुवातीची कामं सगळी हाताची. मोडलेले आर्म, गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या फिरत्या मानेची) फाटलेली रिबन केबल, मोटरमध्ये गेलेली वाळू. संक्रांतीला मांज्याने कापलेले प्रोपेलर आणि वर्षभर घारींनी हाणलेले ड्रोन. अलिबागहून आलेला नग उघडला की बोर्डावर खाऱ्या हवेचा हिरवट गंज दिसणार, हे ठरलेलं. हे काम आम्हाला येत होतं. ज्याने गाळ्याचं भाडं निघू लागलं ते काम मात्र वेगळंच निघालं : ड्रोनचं सॉफ्टवेअर अपडेट करून देण्याचं.

त्याची चुणूक आम्हाला नोकरीत असतानाच मिळाली होती. २०१७ मध्ये डीजेआय या चिनी कंपनीचे स्पार्क नावाचे छोटे ड्रोन हवेतच बंद पडत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. कंपनीने अपडेट काढलं आणि जाहीर केलं की १ सप्टेंबरपर्यंत जो ते घेणार नाही त्याचा ड्रोन जमिनीवरून उठणार नाही. कारण रास्त होतं. डोक्यावर ड्रोन पडण्यापेक्षा ते बरं. पण आमच्याकडे येणारे हौशी लोक भडकले ते वेगळ्या मुद्द्यावर. "पैसे मोजून घेतलेली वस्तू, माझ्या कपाटात आहे, आणि ती उडणार की नाही हे शेन्झेनमध्ये ठरणार?" डोंबिवलीचे एक निवृत्त बँकवाले काका हे वाक्य इतकं ठासून म्हणाले की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माना डोलवायला लागली.

उलटही झालं. डीजेआयचाच मॅव्हिक मिनी २०१९ च्या अखेरीस आला. वजन २४९ ग्रॅम, पण व्हिडिओचं एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं गणित, सगळं ऑटो. सूर्य ढगाआड गेला की व्हिडिओ मध्येच भकभक उजळायचा. २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनच्या दिवसांत, अपडेटमधून व्हिडिओला मॅन्युअल एक्स्पोजर आलं. घरात अडकलेल्या लोकांनी आम्हाला फोन करून सांगितलं, "दादा, फुकटात नवा ड्रोन मिळाला." मॅव्हिक ३ च्या वेळी हीच मंडळी पुन्हा चिडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ड्रोन बाजारात आला आणि माणसाचा पाठलाग करणारं ॲक्टिव्हट्रॅक मात्र जानेवारीच्या अपडेटवर ढकललेलं. मुहूर्त आज, नवरदेव पुढच्या महिन्यात! माझं मत विचाराल तर नवं फीचर मिळाल्याचा आनंद दोन दिवस टिकतो, आणि असलेलं काही बिघडल्याचा राग वर्षभर.

आमच्या लक्षात आलं ते हे, की अपडेट करायचंच नाही असे लोक फार थोडे. बहुतेकांना ते हवं असतं, फक्त बटण स्वतः दाबायचं नसतं. मध्येच काही झालं तर शेजारी कोणीतरी असावं, एवढंच. त्या 'कोणीतरी'चे आम्ही पैसे घेतो. "नुसतं बटण दाबायचे पैसे?" असं अजूनही विचारतात. त्यांना आम्ही स्टूल देतो आणि बसून बघा म्हणतो.

आधी प्रोपेलर काढायचे. ड्रोनची आणि रिमोटची बॅटरी निम्म्याच्या वर हवी. मग टेबलफॅन, कारण उडताना ड्रोनला वाऱ्याने गारवा मिळतो, टेबलावर मिळत नाही, आणि अपडेट चालू असताना तो तव्यासारखा तापतो. स्क्रीनवरची अपडेटची रेघ पुढे सरकते, मध्येच थांबते. गिंबल मान टाकतो. बघणाऱ्याचा चेहरा पडतो. मग मोटरींतून ती ओळखीची धून येते, गिंबल वर-खाली, डावी-उजवी मान फिरवून सरळ होतो. काम संपलं असं गिऱ्हाइकाला वाटतं. तेव्हा माझा भागीदार दुसरी बॅटरी मागतो. प्रत्येक बॅटरीच्या आत तिची स्वतःची फर्मवेअर, म्हणजे आतली आज्ञावली, असते. एक नवी आणि दोन जुन्या राहिल्या तर ड्रोन तक्रार करत बसतो. शेवटी कंपास, आयएमयू (हालचाल आणि कल ओळखणारा सेन्सर) आणि घरी परतण्याची उंची तपासायची. अँड्रॉइडवाल्यांची आणखी एक धास्ती असते. डीजेआय फ्लाय हे ॲप प्ले स्टोअरवर मिळत नाही, कंपनीच्या साइटवरून उतरवावं लागतं, आणि फोन 'धोकादायक' म्हणून ओरडतो.

९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आणली, संशोधन-संरक्षणासारखे अपवाद सोडून. सुटे भाग मात्र येऊ दिले. आमच्यासाठी हे वळण मोठं ठरलं. नवा घेता येईना, म्हणून लोक जुना जपू लागले. पाच वर्षांचा ड्रोन कसा पुसून, सिलिका जेल घालून आणतात! असा जपलेला नग हातात आला की अपडेट करताना आमचीही छाती जरा धडधडते.

जानेवारी २०२५ मध्ये डीजेआयने अमेरिकेत उड्डाणबंदीचं कुलूप काढून तिथे फक्त इशारे ठेवले. दुसऱ्याच आठवड्यात परळमध्ये विचारणा : "मग आता शिवाजी पार्कला उडवता येईल ना?" नाही. ॲपमधलं कुलूप वेगळं आणि देशाचा कायदा वेगळा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, म्हणजे 'नॅनो'ला, परवान्याची सूट आहे, रेड झोनची, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला मनाई असलेल्या भागाची, नाही. मुंबईत विमानतळ, नौदल, भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि वर पोलिसांचे मनाईहुकूम. डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा नकाशा बघा, ग्रीन झोन असेल तिथेही ४०० फुटांच्या आत राहा. आमचं तपासणीचं उड्डाणही आम्ही शहराबाहेर, नकाशा बघूनच करतो.

सध्या गाळ्यात आम्ही दोघं आणि आयटीआय झालेली एक मुलगी. बोर्डावरचं बारीक सोल्डरिंग आता तिच्याकडेच. पावसाळ्यात चार महिने ड्रोन कपाटात पडतात, तेवढ्यात फोनमधलं ॲप आपोआप पुढे जातं आणि दसऱ्याच्या सुट्टीत गडाच्या पायथ्याशी, जिथे नेटवर्कची एक काडी नाही तिथे, अपडेटची पाटी झळकते. मग थेट तिथून फोन येतात. तेव्हा नवरात्राच्या आधीच येऊन जा. रिमोट, केबल आणि सगळ्या बॅटऱ्या आणा. फुगलेली बॅटरी असेल तर तीही, पण चार्ज न करता आणि लोकलच्या गर्दीत दाबली जाणार नाही अशी. रविवारी बंद.