आमची वाटचाल : पंप कोणी बंद केला?

कुर्ल्यात आमचा गाळा आहे. फिशटँक बनवणं, बसवणं, महिन्याच्या ठरावावर देखभाल आणि हावड्याहून येणारा माशांचा लॉट, एवढा पसारा. धंदा मी आणि दादूसनं मिळून काढला. दादूस वरळी कोळीवाड्याचा. मासे जिवंत विकायचे म्हटल्यावर त्याच्या आईनं कपाळाला हात लावला होता. भांडवल माझं, नजर त्याची. लॉट आला की पिशवी न फोडताच, नुसते कल्ले किती वेगानं हलतायत ते बघून तो सांगायचा, ‘ह्यातले रातच्याला जातील.’ बहुतेक वेळा जायचेच.

बॅग मारायला, म्हणजे मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत बांधायला, त्यानंच शिकवलं. एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, आणि मासा आदल्या दिवशी उपाशी. भरल्या पोटी घाण जास्त, श्वास जास्त. त्यासाठी आम्ही जुन्या बाजारातून सिलिंडर आणि पितळी रेग्युलेटर आणला. काटा अडकायचा, टिचकी मारली की हलायचा. तो रेग्युलेटर मी अजून विकलेला नाही.

26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे मिठी नदी गाळ्यात शिरली. खालच्या रॅकवरच्या टाक्या गटाराच्या पाण्यात गेल्या, त्यांचा प्रश्न तिथेच मिटला. वरच्या दोन रॅक शाबूत, पण वीज गेलेली. पंप थांबले, बुडबुडे थांबले. थोड्या वेळानं मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडं उघडमिट करायला लागले. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. पाण्यात 30 अंशाला लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. भरगच्च टाकीत तो संपायला कितीसा वेळ लागणार? आधी मोठे गेले, ऑस्कर आणि कोई. मग गोल्डफिश. गुरामी आणि फायटर मात्र ढिम्म, कारण ते वर येऊन थेट हवा घेतात. आम्ही दोघं मगानं उंचावरून पाणी ओतत राहिलो, आणि ज्यांना वाचवणं परवडत होतं त्यांना सिलिंडर उघडून बॅगा मारल्या. सिलिंडरला वीज लागत नाही. रेग्युलेटरवर माझा जीव आहे तो उगाच नाही.

पाणी ओसरल्यावर घेणेकरी आले. हावड्याच्या व्यापाऱ्यानं उधारी बंद केली. गाशा गुंडाळायचं जवळपास ठरलंच होतं. तेव्हा दादरच्या दंतवैद्य मॅडमनी वर्षभराच्या देखभालीचे पैसे आगाऊ हातात ठेवले. म्हणाल्या, ‘माझ्या पेशंटना टाकीकडे बघूनच धीर येतो, तुम्ही बंद करून कसं चालेल?’ त्यांचं काम अजून आमच्याकडेच आहे आणि त्यांना दर तोच आहे.

मधली वर्षं बरी गेली. आता मूळ दुखणं सांगतो.

एका मोठ्या कंपनीच्या लॉबीत आम्ही लांबलचक टाकी बसवली. देखणं काम झालं होतं. एका सोमवारी सकाळी फोन आला, ‘तुमचे मासे मेले.’ जाऊन पाहिलं तर मोठे सगळे गेलेले, तोंडं आ वासलेली, कल्ले फाकलेले. लहान टेट्रा बहुतेक जिवंत. पाण्याला हात लावला तर कोमट. फिल्टर उघडला तर कुजक्या अंड्यांचा वास. दादूसनं एकच विचारलं, ‘पंप कोणी बंद केला?’ शनिवारी-रविवारी वीज वाचवायची म्हणून एसीबरोबर आमचा प्लगही त्याच मेन स्विचवरून गेला होता. पाणी तापलं की ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाची गरज उलट वाढते. रोगाची साथ ‘आधी मोठा, मग लहान’ असा हिशेब ठेवत नाही.

पण आमच्या आधी मागच्या गल्लीतले दुसरे फिशटँकवाले शेठ, कंपनीच्या साहेबांच्या केबिनमध्ये पोचले होते. त्यांनी कान भरले : ‘ह्यांचा लॉटच रोगट असतो.’ काम त्यांना गेलं. बिलाबाबत आमच्या तोंडाला पानं पुसली गेली. वर बाजारात ‘रोगट लॉटवाले’ हे नाव पडलं, ते पुसायला फार काळ गेला. मी तेव्हा ऑक्सिजन मोजायचं मीटर घेतलं, ते ह्याच रागात. आकडा लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर निवांत, 3 च्या खाली गेला तर धावाधाव. आता कुठेही मासे मेले की आधी मीटर बुडवतो, मग बोलतो.

पितृपक्षानंतर वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात मासे मेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा लोक विषाची शंका काढतात. पाण्यात सोडलेली पिंडं आणि पीठ कुजतं, कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन खातात, मासे गुदमरतात. मला कोणी विचारत नाही, तरी सांगतो.

आणि हेही न विचारता : हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, वीज गेली की पाणी उलटं पंपात येतं. टाकीत झाडं दाट असतील तर मासे पहाटे बघा, कारण रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. बुडबुडे बारीक असावेत आणि पाण्याचा वरचा थर हलता असावा. फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर धुतल्याशिवाय चालू करू नका, आतली सगळी घाण टाकीत येते.

दादूस गुडघ्यांमुळे आता गाळ्यावर रोज येत नाही. लॉट उतरतो त्या दिवशी मात्र येतो. ठरावाच्या कागदावर पहिली अट त्यानंच घालायला लावली : टाकीला वेगळी लाईन, तिला स्वतःचा स्विच, आणि त्या स्विचला कुलूप. काही गिऱ्हाइकं हसतात. हसू देत, सही झाल्याशिवाय आम्ही पाणी भरत नाही. लॉबीवाल्यांचं बिल अजून फाइलीत आहे. वकील केला तर त्याची फी बिलाहून मोठी होईल, म्हणून राहिलंय.