सख्खे भाऊ, गांधीलमाश्या आणि पाटकरी

जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाचा तो किस्सा बऱ्याच जणांनी ऐकला असेल. भावासाठी जीव देशील का असं विचारल्यावर तो म्हणे म्हणाला, एकासाठी नाही देणार, पण दोन भाऊ किंवा आठ चुलत भाऊ वाचत असतील तर देईन. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण 1964 साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने हेच गणितात बसवलं, नातं जितकं जवळचं तितका त्याग परवडतो. (हॉल्डेन त्याच वर्षी भुवनेश्वरला वारला, तोवर तो भारताचा नागरिक झालेला होता.)

गणित सुंदर आहे, वादच नाही. पण आपल्याकडे बांधावरून कोर्टात जाणारे कोण असतात? सख्खे भाऊच. अर्धे जीन्स सारखे, सातबाऱ्यावर नावं शेजारी शेजारी, आणि बोलणं बंद.

म्हणजे रक्त एक असणं पुरत नाही, कोण कोणाचं का ऐकतो हेही बघावं लागतं. आणि याबाबतीत मला सगळ्यात भारी वाटतं ते बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञानसंस्थेमधलं राघवेंद्र गदगकर यांचं गांधीलमाश्यांवरचं काम. रोपॅलिडिया मार्जिनाटा ही आपल्या वळचणीला कागदासारखं पोळं करणारी माशी. हिची राणी अनेक नरांशी जुळते, वर राण्याही बदलत राहतात, त्यामुळे पोळ्यातल्या माश्यांचं आपसातलं नातं थिअरीत धरतात त्याच्यापेक्षा बरंच पातळ असतं, तरी सगळ्या राबतात. बरं राणीचा धाक म्हणावा तर ती अगदीच गरीब, ना मारामारी ना कामाचं वाटप, ते कामकरी माश्या आपसातच ढोसून ढोसून करून घेतात. पण तिला पोळ्यातून उचला की तासाभरात एक कामकरी एकदम भडकते, सगळ्यांना बडवत सुटते, आणि बाकीच्या मुकाट ऐकून घेतात, कोणी आव्हान देत नाही. पुढची राणी तीच. काही दिवसांनी अंडी घालायला लागली की तीही गरीब. मग तिचा अधिकार चालतो तो वासावर, म्हणजे फेरोमोनवर, की बाई अंडी घालतेय, सगळं ठीक आहे.

मधमाश्यांत तर राणीपेक्षा जनताच कडक. कोणा कामकरीने गुपचूप अंडं घातलं तर बाकीच्या ते खाऊन टाकतात. कारण तेच नात्याचं गणित, राणी दहा-वीस नरांशी जुळलेली असल्यामुळे बहुतेक बहिणी सावत्र, आणि सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा आईचा मुलगा, म्हणजे भाऊ, जवळचा.

आता माशीवरून माणसाचे निष्कर्ष काढू नयेत हे मान्य, आपल्याकडे फेरोमोन नाही, आपल्याकडे पाटकरी होता, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस. धुळे भागात पांझरा नदीवर पाणीवाटपाची फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत, त्यामुळे पाणी कमी पडलं तर झळ सगळ्यांना. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. आणि पाटकऱ्याला नेमायचे शेतकरी, धान्यही तेच द्यायचे. हा मुद्दा मला फार मोठा वाटतो, कारण ज्याचा शब्द सगळ्यांनी मानायचा त्याचं पोट त्याच सगळ्यांच्या हातात होतं, मग तो माजेल कसा आणि माजला तर टिकेल कसा. एलिनोर ऑस्ट्रॉमला 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते जगभरातल्या अशाच गोष्टींच्या अभ्यासावर, राखणदार हा राखून घेणाऱ्यांना जबाबदार असेल तर सामायिक गोष्ट टिकते. इथे कोणी कोणाचा सख्खा-चुलत असायची गरज नाही.

नंतर वरच्या अंगाला धरणं झाली, पाणी कधी सोडायचं ते सरकारी खात्याकडे गेलं, उसाचा मोह आला. बरेच फड मोडले आणि जो तो आपल्या विहिरीवर मोटर टाकून मोकळा झाला.