अल्बम, आठवा आठवडा: गिटार खाली, आवाज वर

आमच्या पंक बँडच्या अल्बममधल्या अकरापैकी पाच गाण्यांचं गायन भरून झालं. ड्रम आणि बेस सगळे झालेत, गिटार नऊ गाण्यांची.

ही गाणी आधी मी गायचो. तासाभराच्या सरावात गळा बसायला लागला, तेव्हा मी रिदम गिटारकडे (गाण्याला साथ देणाऱ्या गिटारकडे) वळलो आणि गायला आमची नवी गायिका आली. १९८१ मध्ये ब्लॅक फ्लॅग या अमेरिकन पंक बँडमध्ये असंच झालं होतं. त्यांचा गायक डेझ कॅडेनाचा गळा थकला, त्याने रिदम गिटार धरली आणि माईक हेन्री रॉलिन्सकडे गेला. त्याच वर्षीच्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये दोन गिटार आहेत त्या या अदलाबदलीमुळे. मला त्या गोष्टीचा फार आधार वाटला.

पहिला महिना मात्र आमचा चुकीच्या दिशेने गेला. गाणी माझ्या गळ्याच्या मापाची होती, बहुतेक ए मध्ये, म्हणजे ए हा स्वर ‘सा’ धरून. तिचा आवाज तिथे नुसता बोलल्यासारखा पडायचा, धारच नाही. तीन फ्रेट वर सरकून सी केला तर आवाज उघडला, पण गिटारचं वजन गेलं. शेवटी ड्रॉप डी लावलं. जाड तार एक स्वर उतरवून उघडी वाजवायची आणि गाणं डी मध्ये न्यायचं. गाणं अडीच स्वर वर गेलं आणि रिफ (गिटारची परत परत वाजणारी ओळ) उलट पूर्वीपेक्षा खाली उतरला. गाणं आणि रिफ यांच्या मध्ये मोकळी जागा झाली, त्यामुळे तिचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतो. सैल तार सततच्या डाउनस्ट्रोकला (वरून खाली मारलेल्या फटक्यांना) बेसूर व्हायची, म्हणून तारांचा दहाचा सेट काढून जरा जाड, अकराचा लावला. बेसवाल्यालाही खालची तार डी वर आणावी लागली.

मग श्वास. आमचा टेम्पो १९२, म्हणजे मिनिटाला १९२ ठोके. चार बारची (प्रत्येक बार चार ठोक्यांचा) ओळ म्हणजे सोळा ठोके, बरोबर पाच सेकंद. मी ओळींच्या मध्ये श्वासाला जागाच ठेवली नव्हती, दम लागलेला ऐकू येणं मला आवडायचं. तिने प्रत्येक ओळीतला एखादा शब्द काढून टाकला. मी एका शब्दासाठी दोन दिवस भांडलो. आज तो शब्द आठवतही नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट तिने ध्रुवपदात केली. मी ‘ऐकणार नाही’ असं लिहिलं होतं. ‘ई’ वर ओरडायला गेलं की गळा आवळतो. तिने ते ‘नाही ऐकणार’ असं फिरवलं. आता ‘णा’ वरचा ‘आ’ हवा तितका ताणता येतो, आणि शेवटचा ‘र’ मागून आम्ही तिघे एकदम हाणतो. मराठीत पंक लिहिणाऱ्यांनी ओळीच्या शेवटी कुठला स्वर येतो ते नक्की तपासावं.

रेकॉर्डिंगमध्येही अडलो होतोच. कंडेन्सर माईकपुढे (स्टुडिओतला नाजूक माईक) हेडफोन लावून ती अवघडून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात एसएम५८ हा स्टेजवरचा माईक दिला, हेडफोन काढले आणि गाणं स्पीकरवर लावलं. दोन्ही स्पीकर माईकपासून सारख्या अंतरावर ठेवायचे, आवाज मोनो (दोन्हीकडे एकसारखा) करायचा आणि एका स्पीकरची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटवायची. माईकपाशी दोन्ही आवाज एकमेकांना बरेचसे खोडतात. ती हलली की स्पीकरचा आवाज थोडा माईकमध्ये गळतो, तेवढं चालवून घेतलं. एकच सांगावं लागलं: माईकची जाळी मुठीत धरू नकोस, आवाज कोंदट होतो.

एका बैठकीत दोनच गाणी, प्रत्येकाचे तीनच टेक. पाचपैकी चार गाण्यांना दुसरा टेक ठेवलाय.

आठवं गाणं अजून जमत नाही. त्याचा टेम्पो १४० आहे, आणि डी मध्ये ते फार आनंदी वाटतं. परवा ती म्हणाली, हे ए मध्येच राहू दे आणि दुसरं कडवं तू गा. मी अजून हो म्हटलेलं नाही. काल रात्री घरी एकट्याने ते दोनदा गाऊन पाहिलं, गळा टिकला.