आयला बेट: धुराचा आकडा आणि पेल्यातला धूर

आयला हे स्कॉटलंडचं बेट, धुरकट व्हिस्कीसाठी ओळखलं जाणारं. ग्लासगोहून तिकडे निघताना पहिली धास्ती समुद्राची नसते, घाटाची असते. लॉक लोमंडचा काठ सोडून रस्ता ए-८३ ला लागतो आणि ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ नावाच्या खिंडीत चढतो. जोराचा पाऊस झाला की तिथे दरड येते आणि वाहतूक बंद. वरंध घाटाची सवय असलेल्यांना हे नवं नाही, पण इथे पुढे बोट गाठायची असते. ग्लासगो ते केनाक्रेग धक्का साधारण १७० किलोमीटर, तीन तासांचा रस्ता. आम्ही चार धरतो. तिथून कॅलमॅक या फेरी कंपनीची बोट बेटावरच्या पोर्ट एलनला किंवा पोर्ट आस्केगला दोन-सव्वादोन तासांत पोचवते. पायी प्रवाशाला तिकीट सहसा मिळतं. गाडीची जागा मात्र उन्हाळ्यात कित्येक आठवडे आधी भरते, आणि मेअखेरच्या ‘फेश ईला’ या बेटावरच्या महोत्सवात तर विचारूच नका. वारा वाढला की बोट रद्द होते, त्यामुळे परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नये.

गाडी न्यावीच का? स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून चालकाच्या १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे. चाखणीच्या एका फेरीत चार पेले आले की ती ओलांडली जाऊ शकते. बऱ्याच डिस्टिलऱ्या (व्हिस्की गाळणारे कारखाने) चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून हातात देतात, तो रात्री मुक्कामी घ्यावा. दक्षिण किनाऱ्यावर तर चाकांची गरजच नाही. पोर्ट एलनहून रस्त्याच्या कडेने खास पायवाट काढलेली आहे: आधी लॅफ्रॉइग, मग लागावूलिन, शेवटी आर्डबेग, एकूण पाच-साडेपाच किलोमीटर. तिघींची स्थापना १८१५-१६ मधली. सगळीकडची फेरी आगाऊ नोंदवावी, दोन फेऱ्यांमध्ये किमान दीड तास ठेवावा, आणि रविवारी बेटावरच्या बसवर भिस्त ठेवू नये.

आता धूर. आयलावर झाडं कमी, दलदल भरपूर. त्या दलदलीत हजारो वर्षं कुजत-दबत गेलेल्या शेवाळाचा आणि वनस्पतींचा काळा थर म्हणजे पीट. तो विटांसारखा कापून वाळवतात आणि जाळतात. व्हिस्कीत धूर येतो तो इथून, ती मुरते त्या लाकडी पिंपातून नव्हे. सातू भिजवून त्याला मोड आणतात (आपण मटकीला आणतो तसेच, फक्त मुळं फुटली तरी कोंब सालाबाहेर यायच्या आत थांबवतात) आणि ओलसर असतानाच पीटच्या धुरावर धरतात. दाणा कोरडा झाला की धूर त्याला चिकटत नाही, म्हणून पीट सुरुवातीलाच जाळावं लागतं. बोमोर, लॅफ्रॉइग आणि किलहोमन इथे गरजेतला काही सातू अजून फरशीवर पसरून लाकडी फावड्याने उलटतात. वेळेवर उलटला नाही तर मुळं एकमेकांत गुंततात, ढिगाची चटई होते आणि आतला दाणा तापून बिघडतो. फेरी निवडायला वाव असेल तर फरशी दाखवणारी निवडा. भट्टीत वाकून घेतलेला एक श्वास माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवतो.

या धुराचं माप फिनॉलच्या, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या द्रव्यांच्या, पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) सांगतात. बोमोर २५ च्या आसपास, लागावूलिन आणि कॉल ईला ३५, लॅफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५० ते ५५. बारमध्ये हे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे ऐकवले जातात, आणि तिथेच फसगत होते. हा आकडा सातूचा असतो, बाटलीचा नाही. गाळणीत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात उकळून वाफ पुन्हा थंड करताना, बराचसा फिनॉल मागेच राहतो, पुढे पिंपात वर्षं सरतील तसा आणखी मवाळ होतो.

पडताळायला दोन पेले पुरतात: लागावूलिन १६ आणि कॉल ईला १२ (नावापुढचा आकडा वयाचा, वर्षांत). दोन्ही एकाच मालकाच्या, डिआजिओ कंपनीच्या. दोन्हींचा सातू पोर्ट एलनच्या मोठ्या माल्टिंगमधून (सातूला मोड आणण्याच्या कारखान्यातून) येतो, धूर सारखाच. दोन्ही बाटल्या ४३ टक्के अल्कोहोलच्या. वयाचा हिशेब धरला तर चार वर्षांनी लहान कॉल ईला जास्त धुरकट लागायला हवी. शेजारी-शेजारी ठेवून हुंगा: कॉल ईलात लिंबाची साल, समुद्राचा खारा वारा, विझल्या चुलीतली राख. लागावूलिनमध्ये जाड, तेलकट, गोडसर धूर. बंबात ओली लाकडं घातल्यावर न्हाणीघरात कोंडतो तसा. कारण तांब्याच्या भांड्यांत आहे. लागावूलिनची भांडी नासपतीच्या आकाराची, बुटक्या गळ्याची. दुसरी गाळणी नऊ तासांहून जास्त चालते आणि जड वाफही पलीकडे पोचते. कॉल ईलाची भांडी उंच, त्यामुळे जड वाफ वर जाता जाता थिजून पुन्हा खाली पडते. शिवाय फिनॉल गाळणीच्या शेवटाकडे उतरतात. धार कधी तोडायची, म्हणजे व्हिस्कीसाठी गोळा करणं कधी थांबवायचं, यावर धुराचा जाडपणा ठरतो. लागावूलिन १६ मध्ये शेरीच्या पिंपांचाही गोडवा आहे, तो वजा करूनही फरक उरतोच.

आर्डबेगमध्ये हेच दुसऱ्या वाटेने दिसतं. दुसऱ्या गाळणीच्या भांड्याच्या नळीवर एक ‘प्युरिफायर’ बसवलेला आहे, तो जड वाफ परत पोटात ढकलतो. म्हणून आकड्याने वरचढ असूनही आर्डबेग १० लॅफ्रॉइग १० पेक्षा स्वच्छ आणि गोड वाटते. लॅफ्रॉइगचा टिंक्चर आयोडीनचा, दवाखान्याच्या ड्रेसिंग खोलीचा वास आर्डबेगमध्ये शोधूनही तितका सापडत नाही. ब्रुखलाडीच्या ऑक्टोमोरने तर एका आवृत्तीत ३०९ पीपीएम गाठला, पण तिथलीही भांडी उंच, गळे अरुंद. धूर लॅफ्रॉइगच्या सातपट लागेल म्हणून घाबरायचं कारण नाही.

मात्र लॅफ्रॉइग-आर्डबेगची तुलना बहुतेक जण चुकीची करतात. ब्रिटनमधली लॅफ्रॉइग १० ही ४० टक्क्यांची, आर्डबेग १० ही ४६ ची. जी चढी तीच ‘दमदार’ वाटणार. औषधाच्या दुकानातून ५ मिलिलीटरची बिनसुईची सिरिंज घ्या. २० मिलिलीटर आर्डबेगमध्ये ३ मिलिलीटर पाणी घातलं की ती ४० वर येते. ४३ ची असेल तर दीड मिलिलीटर, ब्रुखलाडीची ५० ची बाटली असेल तर ५. पाणी खोलीच्या तापमानाचं, कमी क्षारांचं. बोअरचं जड पाणी नको. दोन मिनिटं थांबून मग हुंगा. बर्फ टाकला तर वास दबतो, आणि थंड गाळण न केलेली (म्हणजे गार करून तेलं गाळून न काढलेली) ४६ च्या पुढची व्हिस्की ढगाळ होते. तो दोष नाही, तेलं थिजून दिसू लागतात इतकंच.

पेला ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता. नाक आत खुपसू नका, कडेशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा. क्रम कमी धुराकडून जास्तीकडे: बुनाहाव्हन १२ जवळजवळ बिनधुराची, तिथून सुरुवात, मग बोमोर, मग वर सांगितलेल्यांपैकी एक जोडी. लॅफ्रॉइग आधी प्यायलात तर पुढच्या अर्ध्या तासात बुनाहाव्हन पाणी वाटेल. प्रत्येकी १५ मिलिलीटर पुरे. चारांचे ६० होतात, म्हणजे आपला एक पतियाळा नव्हे, साधा लार्ज पेग. मध्ये साधा पाव आणि पाणी. चकली-शेव तुलना संपेपर्यंत लांब ठेवा: तिखटाने चेतलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी जाळतं, वास मागे पडतो.

घरी परतल्यावर हीच कसरत गोव्याच्या पॉल जॉनच्या धुरकट बाटलीवर करून बघण्यासारखी आहे. पीट स्कॉटलंडहून आणलेलं, पण उष्णतेने पिंपातून दरसाल उडणारा भाग आयलाच्या सुमारे २ टक्क्यांच्या कितीतरी पट. त्यामुळे थोड्याच वर्षांत लाकूड पुढे येतं आणि धूर त्याच्या आड उभा राहतो.

येताना सामानाचा हिशेब आधी करा. भारतात शुल्काविना दोन लिटर चालते, आणि ब्रिटनमधली बाटली ७०० मिलिलीटरची. तिसरी बाटली घेतली की १०० मिलिलीटर जास्त होतात. आम्ही दोन मोठ्या घेतो, उरलेल्या जागेत २०० मिलिलीटरच्या छोट्या. बाटल्या पायमोज्यात गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध, कडेला नाही.